लाखेचं पॉलिश

जेसनने हीट गन फिरवली तसे गिटारच्या निळ्या रंगाला फोड आले. प्लासिडने लगेच खाली पत्र्याची पट्टी सरकवली. रंगाची सालपटं ओट्यावर पडली.

"पप्पा, हळू. लाकडाला चर पडेल."

"सातिवलीच्या फर्निचर कारखान्यात जन्म गेला माझा. मला शिकवतोस?"

जेसन हसला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं.

ओट्याला लोखंडी जाळी होती आणि जाळीच्या दाराला कुलूप. चावी घेऊन जेसनची आई, बर्था, शाळेत शिकवायला गेली होती. जाळीपलीकडे सांडोर गावातली केळीची वाडी, वाडीपलीकडे रस्ता. रस्त्याने जाणाऱ्या कुणाचाही प्लासिडला हेवा वाटे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या सिस्टरने बजावून सांगितलं होतं, घरी आल्यावर सुरुवातीला एकट्याला सोडायचं नाही, घटकाभरसुद्धा नाही. म्हणून बापलेक सकाळपासून समोरासमोर. बोलायचे विषय केव्हाच संपले होते. गप्प बसलं की भिंती अंगावर येत. शेवटी जेसननेच माळ्यावरून आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार काढली. दांडा सोडवला, वायरी काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. हात कामात राहिले की मन थाऱ्यावर राहतं, हेही सिस्टरचंच.

कुंपणापाशी शेजारचा आलोशियस थांबला. "काय प्लासिड, पोरगा घरीच? नोकरी सोडली की काय?"

"रजा टाकलीय त्याने," प्लासिड म्हणाला.

"वाळलाय रे किती." आलोशियसने आवाज उतरवला, पण ऐकू जाईल इतकाच. "लग्नांत वाजवणाऱ्या पोरांचं हेच होतं. बँडच्या मागोमाग बाटली येते."

जेसनने मान वर केली नाही. पॉलिश पेपरने लाकूड घासत राहिला. बापाने इथे काहीतरी बोलायला हवं होतं. प्लासिडला ते कळत होतं, पण तो ओट्यावरची सालपटं गोळा करत राहिला. आलोशियस निघून गेला.

"त्याचं मनावर घेऊ नकोस," प्लासिड म्हणाला.

"सवय झालीय," जेसन म्हणाला.

दुपारपर्यंत रंग साफ गेला. खालचं लाकूड मधाच्या रंगाचं निघालं. प्लासिडने त्यावरून तळहात फिरवला आणि फिरवतच राहिला.

"काळा स्प्रे मारू," जेसन म्हणाला. "डबा घरातच आहे."

"वेडा आहेस? असं लाकूड झाकतात होय? याला लाखेचं पॉलिश हवं. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कपड्याच्या बोळ्याने चढवायचा. एकावर एक हात. आरशासारखं दिसेल."

जेसनचा हात थांबला. "स्पिरिट नको, पप्पा."

"त्याच्याशिवाय लाख विरघळते का?"

"मग स्प्रेच बरा."

"अरे, बाटली माझ्या ताब्यात राहील. तुझा हातसुद्धा लागणार नाही. एवढा विश्वास नाही तुझा?"

जेसन त्याच्याकडे बघत राहिला. बापाच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो उत्साह होता. जेसनने मोबाइल काढला आणि बर्थाला येताना हार्डवेअरच्या दुकानात जायला सांगितलं.

"स्पिरिट?" तिचा आवाज ओट्यावर स्पष्ट ऐकू आला. "या घरात? जेसन, तुला कळतंय का काय मागतोयस?"

"कळतंय, मम्मी. एकदा बघू या."

शाळा सुटल्यावर बर्था आली. कुलूप काढून आत शिरली आणि तिने ते पुन्हा लावलं. गिटारकडे तिने पाहिलंही नाही. जेसन तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला. आत दोघांची बराच वेळ कुजबुज चालली, नळ वाहिल्याचा आवाज आला. प्लासिड लाकडावरची धूळ पुसत बसला. पुसून झालेली जागा तो पुन्हा पुसत होता.

जेसन बाहेर आला आणि त्याने बाटली बापाच्या हातात दिली.

"आणि लाखदाणा?"

"मम्मीच्या पिशवीत राहिला. आणतो."

"जुनं धोतर नाहीतर बनियन मिळालं तर तेही बघ. सावकाश बघ."

पावलं आत गेली. प्लासिडने घराच्या दाराकडे पाठ केली, झाकण फिरवलं, बाटली तोंडाला लावली आणि डोळे मिटून मोठा घोट घेतला.

चटका बसला नाही. वासही नव्हता. नळाचं पाणी होतं.

तो वळला. जेसन दारातच उभा होता, हात रिकामे, डोळे भरलेले.

"सिस्टरशी बोललोय, पप्पा," तो म्हणाला. "केंद्रात तुमची खाट अजून रिकामीच आहे."