सतरा पाचे

करोनापायी शाळेला कुलूप लागलं, तसा रिटायर व्हायला आलेल्या शेलारबाईंनी देवळाचा भोंगा ताब्यात घेतला. पोरांनी आपापल्या ओट्यावर बसायचं आणि बाईंनी देवळातून शिकवायचं. परवानगी सरपंच हणमंतरावांनीच दिलेली. रोज सकाळी तेही अंगणात खुर्ची टाकून, तंबाखू मळत ऐकायचे.

"मागच्या बाकावरचा, तू सांग! सतरा पाचे किती?" भोंगा गरजला.

हणमंतरावांचं सगळं शिक्षण ह्याच बाईंच्या हाताखाली, मागच्याच बाकावर झालेलं. "ऐंशी," ते पुटपुटले.

"चूक! अंगठे धर!"

देवळात बसून बाईंना कुणाचंच उत्तर ऐकू जाणं शक्य नव्हतं. सवयीनं बोलून गेल्या, झालं. पण हणमंतरावांची तंबाखू सांडली, टोपी घरंगळली आणि ते एवढ्या पोटासकट कधी वाकले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून त्यांनी मान वळवली, तर कुंपणापलीकडे बापू अंगठे धरून उभा! एकाच बाकावर वाढलेले दोघं. पंचायतीच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिले, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

बापूनं वाकल्या वाकल्या इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "पंच्याऐंशी, हणम्या."

"कोण सांगतंय रे त्याला?" भोंगा कडाडला.

"गप की, बापू," हणमंतराव कुजबुजले, "बाईंना ऐकू गेलं!"