हेमावतीबाईंची चारशे बारा कीर्तने

"दोन्ही डिस्क एकदम मेल्या, असं सहसा होत नाही काका," संगणकाच्या दुकानातला अभिमन्यू म्हणाला. "पण मी तरी तुम्हाला दुसरी मोठी डिस्कच घ्या म्हणेन."

शिवशरण दुकानाच्या काउंटरवर ठेवलेल्या आपल्या जुन्या डिस्ककडं बघत होते. गेल्या महिन्यापासून ती खरखरायला लागली होती. त्यांच्या पत्नीची, हेमावतीबाईंची, चारशे बारा शिवकीर्तनं तिच्यात होती. बाई लिंगैक्य होऊन पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं. पुण्यस्मरणाला पुण्याहून मुलगी ऋतुजा येणार होती. शेवटचं, मंद्रूपचं कीर्तन त्या दिवशी सगळ्यांना ऐकवायचं तिनं ठरवलं होतं. ते ध्वनिमुद्रण अजून कुणीच ऐकलं नव्हतं. साफ करायचं राहिलंय, असं शिवशरण सांगत आले होते.

डिस्कची खरखर ऋतुजाला फोनवरच ऐकू आली होती. अव्वाचा आवाज गेला तर अव्वा दुसऱ्यांदा गेली, असं म्हणून तिनं स्वतःच हे दुकान शोधून दिलं. गाव आणि तारीख लिहून कीर्तनांची यादी तिनं दिवाळीतच वहीत उतरवून नेली होती. एक जरी कमी पडलं तरी तिला कळलं असतं.

अभिमन्यूनं पुन्हा समजावलं. रेड म्हणजे दोन जुळ्या डिस्क. एकीवर लिहिलं की त्याच क्षणी दुसरीवर उमटतं. एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. नाहीतर मोठी डिस्क घ्यायची, आठवड्यातून एकदा नक्कल करायची आणि काढून कपाटात ठेवायची. आधीच्या नकला तिच्यावर तशाच राहतात.

"त्या जुळ्यात एकीवरचं पुसलं, तर दुसरीवरचंबी जातंय व्हय?" शिवशरणांनी विचारलं.

"लगेच. चूक झाली की दोन्हीकडं होते. म्हणून तर मोठी घ्या म्हणतोय."

शिवशरणांनी काउंटरवरची जुनी डिस्क जरा जवळ ओढली. मग म्हणाले, या वयात दर आठवड्याला काढघाल कुठं ध्यानात राहतेय. "जुळीच दे बाबा. क्षणाचीबी फट नको मधी."

अभिमन्यूनं ऋतुजाला फोन लावला. अप्पा म्हणतील तसं करा, असं ती म्हणाली.

नक्कल व्हायला दुपार गेली. चहा पिता पिता शिवशरण बोलण्यात रमले. बावीस वर्षं सगळी ध्वनिमुद्रणं त्यांनीच केली होती. लोकांसाठी स्टँडचा माइक, आणि बाईंच्या पदराला एक बारका माइक, तो थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात. हे पुढ्यात हेडफोन लावून बसायचे. कीर्तन रंगात असताना बाई स्टँडपासून तोंड वळवून पदराच्या माइकात पुटपुटायच्या, तबला जड होतोय, पाणी पाठवा. ते फक्त यांच्या कानात यायचं. हे हातानं उत्तर द्यायचे. तळहात दाखवला की आटपा, बोट गोल फिरवलं की चालू ठेवा. घरी आल्यावर ती पुटपुट हे ध्वनिमुद्रणातून कापून टाकायचे.

"बावीस वर्षांत एक कीर्तन अर्धं सुटलं न्हाय," ते म्हणाले. "कसलाबी पाऊस येऊ दे, लाइट जाऊ दे."

अभिमन्यूनं फायली मोजल्या. चारशे बारा. जुनी डिस्क त्यानंतर पुन्हा फिरलीच नाही.

घरी शेजारच्या बजाबाई डब्याएवढं ते नवं यंत्र बघायला आल्या. दोन हिरवे दिवे एकदमच लुकलुकत होते. बजाबाईंनी त्यालाही नमस्कार केला.

"लई भाग्याची हो हेमाक्का," त्या म्हणाल्या. "मंद्रूपला कीर्तन पुरं करून आरतीला, देवापुढं, उभ्याउभ्या गेली. ना दुखणं ना खुपणं. असलं मरण कुणाला येतंय?"

"खरंय," शिवशरण म्हणाले.

त्याच आठवड्यात मंद्रूपहून त्यांचा भाचा युवराज आला. लग्नांचं शूटिंग करतो तो. सराईचं सगळं चित्रण कुठं ठेवावं, या विवंचनेत होता. शिवशरणांनी आपणहून त्याला जागा दिली. डिस्क काठोकाठ भरली.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी ऋतुजा आली. बॅग दारातच ठेवून तिनं संगणक उघडला. नवरदेव, वराती, जेवणाच्या पंगती. अव्वा कुठंच नव्हती.

अभिमन्यू दुकान बंद करून धावत आला. संध्याकाळपर्यंत त्यानं नाना प्रकार करून पाहिले. पुसलेलं कधी कधी परत मिळतं, पण त्यावर दुसरं भरलं असेल तर नाही, असं तो ऋतुजाकडं न बघता म्हणाला.

"पोराला जागा पायजे होती," शिवशरण म्हणाले. "एकीवरचं पुसलं. दुसरीवर हाय की, म्हटलं."

"काका, मी सांगितलं होतं तुम्हाला..." अभिमन्यू बोलता बोलता थांबला. म्हाताऱ्या माणसाला आता काय बोलायचं.

ऋतुजा खूप रडली. मग उठून तिनं वडिलांना पाणी दिलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"तुमची काय चूक, अप्पा," ती म्हणाली. "जाताना अव्वाला त्रास झाला नाही, तेवढं तरी आहे आपल्याजवळ."

शिवशरणांनी मान हलवली. मंद्रूपची पुटपुट कापायची तर ती पुन्हा ऐकावी लागली असती, आणि ते वर्षभरात त्यांच्यानं झालं नव्हतं. मंद्रूपला त्या दिवशी हेमावतीबाईंनी तीन वेळा स्टँडपासून तोंड वळवलं होतं. "अहो, छातीत कळ येतीय. थांबू का?" आणि तिन्ही वेळा, भरल्या मंडपाकडं बघत, त्यांनी बोट गोल फिरवलं होतं.