उपाशी शेवाळ

"मॅडम, ह्या शेवाळावर माही स्कूटी चालन का?"

डिंपलने विचारलं, आणि मागे संजीवनी न् प्राची एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खुसखुसल्या. पैज होती. जानेफळहून सहलीची एसटी सुटल्या-सुटल्याच लागलेली. लोणारच्या सरोवरावर संशोधन करणाऱ्या बाईंना असला बावळट प्रश्न विचारायचा आणि स्वतः हसायचं नाही.

डिंपलकडे स्कूटी नव्हतीच. प्रश्न मात्र ढीगभर होते. दहावीच्या वर्गात सगळे तिला प्रश्नपेटी म्हणत. पेपरात उत्तरं काही वेळेवर आठवायची नाहीत. म्हणून पुढे तिने आर्ट्स घ्यायचं, हे घरात ठरून गेलं होतं. "सायन्सले उत्तरं याले पायजे, माय," असं बाबा अगदी मायेने म्हणाले होते. तिला ते पटलंही होतं. फक्त त्या दिवशी ती जेवली नव्हती.

अर्पिता मॅडम हसल्या नाहीत. "चालेल," त्या म्हणाल्या. "पण आज नाही. इकडे ये."

मॅडमची प्रयोगशाळा असलेल्या भाड्याच्या हॉलमध्ये काचेच्या बरण्या बुडबुडत होत्या. माशांच्या टाकीला लावतात तसले पंप. पाणी हिरवंगार, आणि वास थेट सरोवराचा, सडक्या अंड्यांचा. मॅडमनी पडदे ओढले, निळा दिवा लावला. डिंपलने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"व माय!"

काळ्याभोर अंधारात इवले इवले गोल तरंगत होते, आणि एकेकाच्या पोटात पिवळेधमक थेंब पेटले होते. सरोवराच्या काठावर जिच्यावरून तिची चप्पल घसरली होती, तीच ही बुळबुळीत घाण!

"ते तेल," मॅडम म्हणाल्या. "आम्ही रंग घातलाय म्हणून चमकतंय. त्याचं इंधन होतं. ह्याच पेशींपासून खाद्य होतं, औषधंही."

"पन त्यात तेल भरलं कोनं?"

"त्यांनीच. ऊन, पाणी आणि हवा घेऊन. आम्ही फक्त त्यांचं नायट्रोजनचं खत तोडलं. उपाशी राहिल्या की ह्या तेल साठवतात."

डिंपल गर्रकन वळली. "म्हंजे तुमी ताण देता! आमचे बाबा संत्र्याले देतात ना. हिवाळ्यात पाणी बंद. झाड पानं गाळते, पाहवत नाही त्याच्याकडं. मंग पाणी सोडलं का आख्खं झाड फुलानं पांढरं!"

आता मॅडम हसल्या. "अगदी तसंच. पण आमची पंचाईत अशी, की उपाशी असताना ह्या वाढत नाहीत. तेल मिळतं आणि पीक थांबतं. म्हणून आम्ही त्यांच्या जनुकांत हात घालतोय. उपासाची खबर पेशीला देणारं एक जनुक आहे. ते बदलायचं. म्हणजे भरल्या पोटीही तिला वाटेल, आपण उपाशी आहोत. ती वाढेलही आणि तेलही साठवेल."

डिंपलने पुन्हा डोळा लावला. डोळ्याला दिसणारही नाही एवढा जीव, आणि त्याच्या पोटात खबर देणारं कुणी बसलेलं. ती खबर माणसाला वाचता येते. बदलताही येते! तिच्या अंगावर काटा आला. पैज, मैत्रिणी, एसटी, सगळं कुठल्या कुठे गेलं. मग तिच्या तोंडून जे निघालं, ते पैजेत कुठेच नव्हतं.

"मॅडम, मंग तिले खरंच उपाशी राहाची पाळी आली, तं थे तिले कसं कळन?"

"ए प्रश्नपेटी, बस आता," मागून सहलीबरोबर आलेले सर ओरडले.

मॅडमनी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एक बरणी उचलून दिव्यासमोर धरली. 

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हंजे... तुमाले येत नाही?"

"मलाच काय, मला वाटतं अजून कुणालाच येत नाही."

उत्तर आलं नाही की मान खाली जाते, हे डिंपलला स्वतःवरून पक्कं ठाऊक होतं. ह्या बाईंची मान वर होती. आणि चेहरा असा फुललेला, जणू कुणी हातात बक्षीस ठेवलंय.

संध्याकाळी आई ओट्यावर मेथी निवडत होती. बाबा नुकतेच बागेतून येऊन पाय धूत होते. डिंपलने चपलाही न काढता सगळं एका दमात सांगितलं. पिवळे थेंब, संत्र्याचा ताण, खबर, सगळं.

"मंग त्या बाईनं काय उत्तर देलं?" बाबांनी विचारलं.

"काईच नाही. त्यायले येत नाही."

"एवढ्या शिकलेल्या बाईले येत नाही!" आई खुदकन हसली. "अन् तू काऊन एवढी खूश हायेस वं?"

"आई, बाबा, मी आर्ट्स नाही घेत. सायन्स घेऊन राह्यली."

बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "एका दिवसात उत्तरं याले लागली का तुले?"

"नाही, बाबा," डिंपल म्हणाली. "नाही येत, म्हनूनच."