परदेशातले बुद्ध

अंबडात एका गल्लीच्या अंतरावर राहून दहा वर्षांत जे जमलं नाही, ते क्रूझवरच्या तीन दिवसांत जमलं. धम्मपाल सरांची पोरगी आणि रामप्रसादभाऊंचा हरिओम एका ताटात जेवायला लागले. सर मनातून सुखावले. आता गावाकडंही येणं-जाणं सुरू होईल, असं त्यांना वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी श्रीलंकेच्या बंदरावर उतरून दोन्ही घरं तिथला विहार बघायला गेली. रामप्रसादभाऊंच्या भक्तीला तर नुसता ऊत आला. तापल्या फरशीवर ते अनवाणी नाचत गेले, कमळं वाहिली आणि मूर्तीपुढं आडवे झाले. वर पोरावर खेकसले, "डोकं टेकव नीट, जागृत ठिकाण हाय!" मग मूर्तीसमोर बायको-पोरांना उभं करून त्यांनी सरांच्या हातात मोबाईल दिला.

"आमचा चौघांचा फोटो काढा सर. जल्दी स्टेटसला टाकतो."

तेवढ्यात हरिओम म्हणाला, "पप्पा, आपल्या मागच्या गल्लीतबी विहार हाय ना? तिथं का जात न्हाई आपण?"

"येडा का रे तू? तो यांच्या लोकांचा हाय," भाऊ म्हणाले. आवाज खाली करायची गरजही त्यांना वाटली नाही. लगेच ते फोटोसाठी हसले.

सरांनी मोबाईल जरा खाली झुकवला आणि फोटो काढला.

"बराबर आला का सर?"

"बिलकुल बराबर. तुम्ही चौघंबी आले. बुद्ध तेवढे न्हाई आले."