देठाचा दोरा

"उद्यापासनं मी येणार न्हाय, आण्णा." गोजाबाईनं एका दमात सांगून टाकलं आणि मग खोकत राहिली.

चनबसप्पा आण्णा डाळिंबाच्या बागेत खुर्ची टाकून चहा पीत होते. "आता कुटं निघालीस?"

"सोलापूरला, लेकीकडं. पायल तितं टॉवेलच्या कारखान्यात लागलीया. दवाखान्यात न्हेते म्हनती."

आण्णांची बाग फवारून फवारून तिची छाती गेली होती. तोंडाला बांधायला आण्णांनी कधी फडकं दिलं नाही. लुगडं मात्र दर दिवाळीला, चारचौघांत. बागेच्या कडेला पत्र्याची खोली दिली, आणि पंगतीत म्हणायचे, "गोजा आमच्या घरचीच." तेवढ्या एका शब्दावर बाईनं हयात घातली.

"ह्यो बहार तेवढा निघू दे की. तू काय परकी हायस?" आण्णांनी कपानंच समोरचं झाड दाखवलं. "त्ये बघ. किडकी समदी गळली, येवढं एक धरून हाय. झाडाला सोडंना. मानसानं असं असावं, गोजे."

गोजाबाई झाडापाशी गेली. फळ वाळून काळं पडलं होतं. बाजूला एक भोक. देठावरून फांदीवर पांढरा चिवट दोरा गुंडाळलेला.

सुरसा, डाळिंबाची कीड. इवलंसं निळं फुलपाखरू येतं, फुलावर अंडं घालतं. आळी कोवळ्या फळात शिरते, दाणे खात वाढते. पोट भरायच्या आत फळ गळू नये म्हणून बाहेर येते, देठ फांदीला बांधते आणि परत आत जाते. तिथंच कोष करते. मग एक दिवस निळी होऊन भोकातनं निघून जाते.

"ह्ये धरून न्हाय, आण्णा. खानारीनं बांधून घातलंय."

"मग मार की तिला."

"ती कवाच उडाली. दोरा तेवढा ऱ्हायलाय."

तिनं नखानं दोरा खरवडला. फळ खाली पडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आण्णांनी ते चपलेनं बाजूला सारलं. "उद्या फवारनी हाय. पंप धुऊन ठेव."

गोजाबाईनं कनवटीची खोलीची किल्ली काढली, खुर्चीच्या हातावर ठेवली. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. तिनं तीच फांदी धरली.

उबळ गेल्यावर सोडली.