जुन्या कचेरीतली साक्ष

"बळीराम हाजीर हो!"

बळीरामच्या हातातला पॉलिशचा बोळा खाली पडला. त्याने वळून पाहिलं. हॉलमध्ये प्लॅस्टिकात गुंडाळलेले सोफे होते, शिडीवर दोघे रंगारी होते. बाकी कोणी नव्हतं.

"कोनं पुकारलं मले?"

"कोनीच नाही, काका," मालक इम्तियाज म्हणाला. "हॉल मोकळा हाय, आवाज घुमते."

इंग्रजांच्या काळातली ती दगडी कचेरी. कोर्ट नव्या इमारतीत गेलं आणि इम्तियाजने इथे फर्निचरची शोरूम करायला घेतली. खिडक्यांना मोठाल्या काचा लागल्या. न्यायाधीश बसायचे त्या चौथऱ्यावर डबलबेड आला. सोमवारी साक्षीदाराचा कठडा उखडला. तेव्हापासून बळीरामला पुकारा ऐकू येत होता. भर दुपारी, रोज, तीनदा.

एकेचाळीस वर्षांपूर्वी तो त्याच कठड्यात उभा होता. झरी जामणीच्या जंगलातलं सागवान त्यानेच तोडलं होतं. अंगाशी यायला लागलं, तेव्हा त्याने शपथेवर आपल्या दोस्ताचं, देवीलालचं, नाव घेतलं; रात्री त्यालाच झाडं तोडताना पाहिलं म्हणाला. देवीलाल तुरुंगात गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या वर्षी तिथेच मेला. "अंधारात ओळखायले चुकलो, वहिनी," असं बळीराम त्याच्या बायकोला, नलूला, म्हणाला. तिने मान हलवली. मग तो तिच्याकडे जात राहिला. तिचं छप्पर शाकारलं, लेकीच्या लग्नात मांडव घातला. दर सणाला ओसरीवर जाऊन बसायचा. ती चहा द्यायची. गाव म्हणायचं, दोस्त असावा तर असा.

शुक्रवारी तो नलूला शोरूममध्ये घेऊन आला. नातीच्या लग्नासाठी कपाट दाखवतो, म्हणाला होता. ती कपाटांकडे वळली. तो वळला नाही. कठड्याच्या जागी आता पुरुषभर उंचीचा आरसा होता. त्याच्यापुढे जाऊन तो उभा राहिला.

"वहिनी, मी चुकलो नव्हतो. ते सागवान म्याच तोडलं होतं. इथंच उभा राहून खोटं बोललो."

शिडीवरचे हात थांबले. बळीरामने डोळे मिटून घेतले. शिवी येईल, थप्पड येईल, नाहीतर हंबरडा. काहीही येवो, आपण सुटू.

नलूने पदर सारखा केला.

"मले माहीत हाय. त्या पहाटे सागवानाची बैलबंडी घेऊन तुमीच गेलते आमच्या दारावरून. वकिलाले सांगितलं होतं म्या. तो म्हने, बायकोचं कोन ऐकते."

बळीरामने डोळे उघडले. "मंग इतके वर्षं मले घरात काहून घेतलं?"

"हे तुमच्या तोंडून ऐकाचं होतं म्हनून." ती दाराकडे निघाली. "आता ऐकलं. आता येऊ नोका."