दमानं

घंटा झाली तरी स्वरूपाचं गणित अर्धंच होतं.

तिसरीतली ही पोर. दिवाळीआधी बाकीच्यांच्या पेन्सिली दप्तरातून निघेपर्यंत उत्तर काढून मोकळी व्हायची. म्हणून तर विजयश्रीबाईंनी कंपनीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिच्यासाठी अवघड गणितांची वेगळी कार्डं केली होती. वर्ग बेरजेतला हातचा विसरत बसायचा, तेव्हा ही खिडकीशी बसून कोडी फोडायची. आता महिना झाला, एक कार्ड पुरं होईना.

"तुमच्या लाडकीची हुशारी सिझनल निघाली म्हणायची, बाई," मुख्याध्यापक दादासाहेब सकाळीच हसले होते. "आज वडलांना बोलवा. काही दिसलं तर ठीक, नाहीतर बंद करा हे लाड."

वडील ज्योतीराम पहिली शिफ्ट उरकून कंपनीच्या निळ्या शर्टातच आले. लातूरकडून चाकणला आलेला माणूस. पोरांच्या बाकावर अंग चोरून बसला. दारात तेजस्विनी उभी होती, स्वतःचं आणि स्वरूपाचं अशी दोन्ही दप्तरं सांभाळत. हातचा विसरणाऱ्यांत ती पहिली. पण स्वरूपाशिवाय घरी जायची नाही.

"घरी अभ्यास करते का हो ही?"

"करती की. चहाला उकळी फुटूस्तोर सगळं संपवती." ज्योतीराम जरा घुटमळला. "शाळंत दमानं कर म्हणून म्याच सांगितलंय."

"तुम्ही?"

"नवा होतो तवा लाइनवर पटापटा पीस काढून दावले, बाई. साहेबानं पाठ थोपटली. आन् दुसऱ्या दिवशी सगळ्या लाइनचं टार्गेट वाढवलं. तवापासून जेवताना माझ्या डब्यात कुणी हात घातला न्हाई."

बाई खुर्चीवरून उठल्या. त्या स्वरूपापुढे उकिडव्या बसल्या. "अगं, ही शाळा आहे. कंपनी नव्हे. इथे तुझ्यामुळे कुणाचं काही वाढत नाही. कर तू."

स्वरूपाने बापाकडे पाहिलं. बापाने बाईंकडे. मग त्याने हळूच मान हलवली.

पेन्सिल सुटली ती थांबेचना. अर्धं गणित संपलं. पुढचं कार्ड संपलं. त्याच्या पुढचं तिने स्वतःच ओढून घेतलं. महिनाभराची भूक होती पोरीला. ज्योतीराम तोंडावर हात ठेवून बघत राहिला. बाईंनी पदराने चष्मा पुसला.

"वा वा वा!" दादासाहेब मागे येऊन उभे होते. खरोखरच खूश होते. "म्हणजे जमतंय की! एकीला जमतं तर सगळ्यांना जमलंच पाहिजे. बाई, उद्यापासून हीच कार्डं अख्ख्या वर्गाला. ज्याची होणार नाहीत, त्याला मधल्या सुट्टीत बसवा."

"सर, अहो, तसं नसतं…" बाई म्हणाल्या. पण दादासाहेब स्वरूपाची पाठ थोपटत होते.

दारात तेजस्विनीने खांद्यावरचं एक दप्तर उतरवलं, उंबऱ्याशी नीट ठेवलं आणि ती एकटीच घरी निघाली.